घड्याळासमोरचा हात

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला चार भोकं आहेत. रंगाऱ्याला बोलावून ती बुजवून टाकू, असं नवरा दोनदा म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या. पाहुणे विचारतात, इथं काय होतं? तो घाईघाईनं सांगतो, कॅलेंडर होतं. चार खिळ्यांवर कुठलं कॅलेंडर टांगतात, हे कुणी विचारत नाही आणि मीही मुद्दाम गप्प बसते. ती भोकं त्याला रोज जेवताना दिसली पाहिजेत. मलाही दिसली पाहिजेत.

तिथं एक पांढरा बोर्ड होता. त्यावर माझ्या दोन मुलांची नावं होती, नावांखाली कामं आणि कामांपुढं लोहचुंबकाची रंगीत बटणं. हिरवं म्हणजे शाबासकी, लाल म्हणजे काम चुकलं. मुलांना घरकामाची गोडी लागावी म्हणून केलेली ही सोय. गोडी कसली, घरात होती तेवढीही त्या बोर्डानं घालवली. नुसतं नवऱ्यावर खापर फोडून मोकळं होता आलं असतं तर मी कधीच झाले असते. ते होता येत नाही, म्हणून जास्त चिडचिड होते.

आम्ही शिरूरला राहतो. नवरा रांजणगावच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे, मी तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत माल तपासायला. माझी बस सव्वासहाला बायपासवर येते. थोरली तेव्हा सातवीत होती, धाकटा चौथीत. घरात पाचवं माणूस नाही. मी चारच्या पुढं घरी यायची तेव्हा घर सकाळी टाकून गेले तसंच असायचं, थोरलीनं जेवढं आवरलं असेल तेवढं सोडून. ती बरंच आवरायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नळाला पाणी आलं की भरून ठेवायची, भांडी घासायची, दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायची. घड्या घालताना तोंडानं काहीतरी गुणगुणायची आणि हात असा चालायचा की बघत राहावं. मी बघायची, पण शाबास कधी म्हटलं नाही. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये म्हणतात. आम्ही दोघंही कोपरानंच खणत होतो.

सुरुवात तिच्या मागण्यापासून झाली. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला सांगितलं होतं की तू चांगली पळतेस, दिवाळीनंतर रोज सकाळी मैदानावर सरावाला ये. मैदान आमच्या घरापासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. चालत जाऊन सराव करून शाळा गाठायची म्हटलं तर जमत नव्हतं. मी सव्वासहाला बसमध्ये असते आणि नवऱ्याची शिफ्ट बदलती, तेव्हा सोडायला कोण जाणार? तिनं बापाला एवढंच सांगितलं, "पप्पा, मला सायकल पायजे." आजवर तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. तिनं मागितली म्हणून धाकट्यानंही मागितली. त्याला नेमकी कशाला हवी होती ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नवरा नुकताच कंपनीचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आला होता. कामगारांचा उत्साह कसा वाढवायचा, असला काहीतरी विषय. सर्टिफिकेटला फ्रेम करून ते टीव्हीच्या वर लावलं होतं. तो म्हणाला, "अशी मागून मिळत न्हाई. कमवून घ्यायची."

मग त्यानं जेवताना सगळं समजावून सांगितलं. पहिला आठवडा नुसतं निरीक्षण. कोण काय काम करतं ते तो लिहून घेणार. ते झालं त्याचं स्टँडर्ड. स्टँडर्ड कामाला हिरवं बटण नाही, कारण ते आपलं कामच आहे. त्यापेक्षा जास्त केलं तर ती सुधारणा, तिला हिरवं. स्टँडर्ड चुकलं तर लाल, आणि एक लाल लागलं की एक हिरवं गेलं. तीन महिन्यांनी ज्याची हिरवी जास्त, त्याला सायकल. एकच सायकल. मी विचारलं, "दोघांना दोन घेतल्या तर?" तो म्हणाला, "मग स्पर्धा कुठं राहिली?"

त्याच्या बोलण्यातली खोट मला तिथंच कळली. मी काही शहाणी नाही, पण मी सणसवाडीत काम केलेलं आहे.

माझं माहेर दौंडचं. लग्नाआधी दोन वर्षं मी सणसवाडीत एका खोलीत तीन मुलींबरोबर राहत होते आणि एका कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधत होते. तिथं अधूनमधून हातात घड्याळ घेतलेला एक माणूस यायचा आणि एक जुडी बांधायला किती वेळ लागतो ते मोजायचा. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी कामाला नवी होते. साहेब बघतायत म्हणून मी जीव तोडून हात चालवला. माझी पाठ थोपटून तो गेला आणि पुढच्या सोमवारी अख्ख्या लाइनचं टार्गेट वाढलं. आमच्या बायकांना पाणी प्यायला उठता येईना. माझ्या शेजारच्या टेबलावर बिहारची एक बाई होती, ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पुढच्या वेळी तो माणूस दारातून येताना दिसला तशी ती खाली मान घालून पुटपुटली, "दीदी, घडीवाला आ रहा है. हाथ धीमा." त्या दिवशी मी शिकले. हात मागं ठेवायचा, पण मागं ठेवलाय हे दिसता कामा नये. बोटं चालू ठेवायची, टेप दोनदा बघायची, जुडी उगाच फिरवून घ्यायची. ते येणं ही सुद्धा एक कला आहे आणि मला ती चांगली आली.

ही गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेल. जेवताना चमच्याला नॅपकिन गुंडाळून मी नक्कल करायची, घडीवाला नसताना हात कसा आणि असताना कसा. दोघं हसून लोळायची. थोरली म्हणायची, "मम्मी, परत करून दाखव."

त्यामुळं नवऱ्यानं निरीक्षणाचा आठवडा म्हटलं, तेव्हा मला माहीत होतं की हा घडीवाला आहे. पोरीला भांड्यांजवळ बोलावून एक वाक्य सांगायचं होतं. या आठवड्यात जरा हळू. मी ते सांगितलं नाही.

का नाही सांगितलं ते आता स्पष्टच लिहिते. दिवाळीची सुट्टी चालू होती, पोरं दिवसभर घरी होती आणि नवऱ्यानं रजा टाकली होती. सोमवारी मी कंपनीतून आले तर ओटा कोरडा, भांडी जागच्या जागी, कणीक मळून झाकलेली. मंगळवारी फळ्यांवरचे कागद बदललेले. बुधवारी पंखा पुसलेला. पोरगी सायकलीसाठी झपाटल्यासारखी राबत होती आणि नवरा खुर्चीत बसून वहीत लिहीत होता. मी चपला काढून आयत्या चहाला बसले. लग्न झाल्यापासून असं घर मला कधी मिळालं नव्हतं. मला ते घर हवं होतं आणि ते कायमचं हवं होतं. स्टँडर्ड तेवढं लागलं तर रोज मिळेल, हा हिशेब माझ्या डोक्यात अगदी नीट झाला होता. आई म्हणवते मी, आणि हा हिशेब केला.

धाकट्यानं त्या आठवड्यात टीव्ही बघितला. त्याच्या पानावर काहीच लिहायला नव्हतं.

सोमवारी बोर्ड लागला. थोरलीच्या नावाखाली रोजच्या कामांची यादी बोर्डाच्या खालच्या काठापर्यंत गेली होती. सुट्टीत दिवसभर घरी असताना केलेली कामं आता शाळा सांभाळून करायची होती आणि त्यांतल्या एकालाही हिरवं नव्हतं. धाकट्याच्या नावाखाली रिकामं. त्यानं काहीही केलं तरी सुधारणा. पहिल्याच संध्याकाळी तो जेवून उठला आणि आपलं ताट मोरीपर्यंत घेऊन गेला. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या आणि हिरवं बटण लावलं. ते ताट थोरलीनं घासलं. तिला काही नाही.

बाप झोपल्यावर ती माझ्याजवळ आली. रागावलेली नव्हती, नुसती गोंधळली होती. "मम्मी, त्यानं ताट उचललं त्याला हिरवं मिळालं. मी त्याचं ताट घासलं, मला न्हाई. पप्पांचं काही चुकतंय का?"

"पप्पांना त्यातलं कळतं," मी म्हटलं. "तू तुझं काम कर."

तिनं केलं. हिरवं मिळवायला तिला नवं काम शोधावं लागत होतं, म्हणून ती पाचला उठून बाथरूम घासायला लागली. तीन आठवडे तिला त्याची हिरवी मिळाली. महिना संपला तसं नवऱ्यानं बाथरूम तिच्या रोजच्या यादीत लिहिलं. "आता जमतंय की तुला," तो कौतुकानं म्हणाला. कौतुकच होतं ते, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याला खरंच वाटत होतं की तो पोरगी घडवतोय. इकडं धाकटा चांगलाच तयार झाला होता. दारातल्या चपला आधी स्वतःच पायानं उधळायचा, मग ओळीनं लावायचा आणि बापाला हाक मारायचा. नवरा म्हणायचा, बघ, न सांगता करतोय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते माझ्या घरात रोज चाललं होतं आणि मी चहा पीत बघत होते.

आणि पोराला तरी काय म्हणू? त्याच्यापुढं जे ठेवलं ते त्यानं खाल्लं.

तीन महिन्यांनी सायकल आली. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून नवऱ्यानं ती टेम्पोत टाकून आणली, हँडलला हार घातलेला. पोराला बोर्डासमोर सायकलीवर बसवून फोटो काढला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला. साहेबांचा अंगठा आला म्हणून तो दुपारभर खूश होता. धाकटा ताईला म्हणाला, "तू बी चालव ना." त्याला मन आहे. पण सायकल त्याच्या उंचीची घेतली होती. थोरली बसली तर तिचे गुडघे हँडलला लागत होते. ती उतरली आणि हसून म्हणाली, "तूच चालव." रस्त्यावर गाड्या फार म्हणून त्याला बिल्डिंगच्या फाटकाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. जिला मैदान गाठायचं होतं ती घरी, आणि सायकल पार्किंगमध्ये गोल गोल फिरत होती.

त्यानंतरही तिनं एक काम चुकवलं नाही. रडली नाही, भांडली नाही. मला वाटलं, विसरली. आपल्याला सोयीचं असतं ते आपल्याला लगेच वाटतं.

मार्चमध्ये नवऱ्यानं दुसरा राउंड जाहीर केला. आता नवं बक्षीस, नवं निरीक्षण. थोरलीनं हात धुता धुता विचारलं, "पप्पा, परत आठवडाभर बघणार का?"

"व्हय."

"त्या आठवड्यात जे करीन तेच लिहिणार?"

"तेच. जे दिसंल ते."

सोमवारी मी दार उघडलं तर मोरीत सकाळची भांडी तशीच, दोरीवर कपडे तसेच, पाण्याचं पिंप रिकामं. थोरली खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली. माझं डोकं सटकलं. आठ तास उभं राहून आलेली बाई मी. "हे काय हाय? मी तिकडं मरून येती आन् तू पुस्तक घिऊन बसलीस? लाज वाटती का?"

"निरीक्षण चाललंय," ती म्हणाली.

"कसलं निरीक्षण?"

"तूच सांगितलंस ना सणसवाडीचं. घडीवाला आला की हात मागं ठेवायचा."

"ते कंपनीतलं हाय."

"मागच्या वेळंला मला बी तसंच वाटलं," ती म्हणाली. "घरात कंपनी हाय हे मला ठावं नव्हतं."

तिनं पान उलटलं. मी पदर खोचून भांडी घासायला घेतली आणि जी आदळआपट केली ती वरच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. खरं सांगायचं तर मी तिच्यावर चिडले होते, बापावर नाही. माझं आयतं घर गेलं होतं.

सहा दिवस ती बसून राहिली. फक्त स्वतःचं ताट धुवायची. शनिवारी नवऱ्याचा संयम सुटला. तो लाल बटणांची डबी घेऊन बोर्डासमोर उभा राहिला आणि तिच्या यादीपुढं एकेक लावत सुटला. ती जागेवरूनच म्हणाली, "निरीक्षणाच्या आठवड्यात लाल लागत न्हाई, पप्पा. तुमचाच नियम हाय."

"तू मुद्दाम करतीस."

"व्हय."

तो वळला. कंपनीत लाइन बंद पडल्यावर त्याचा चेहरा कसा होत असेल ते मी पहिल्यांदा बघितलं. "हात मागं ठेवणारे लई बघितलेत मी," तो म्हणाला. "असल्यांना सरळ कसं करायचं ते मला शिकवू नको."

तेव्हा मात्र मी उठले. सहा दिवसांचा राग तोंड वळवून दुसरीकडं गेला. "ऑपरेटर हाय का ती तुमची?" मी म्हटलं. "कंपनीत तुम्ही धरूनच चालता ना, की माणूस थोडा हात मागं ठेवणार? त्याची सूट देऊनच टार्गेट लावता. हिनं मागच्या वेळंला काहीच मागं ठेवलं न्हाई. पंखा पुसला, फळ्या पुसल्या, जेवढा जीव व्हता तेवढा घातला. ते सगळं तुम्ही तिच्या डोक्यावर मांडलं. कंपनीत लोकांना जी सूट देता ती पोटच्या पोरीला दिली न्हाई."

त्यानं हातातली बटणांची डबी खाली ठेवली. त्याच्या ध्यानात आलं होतं, ते दिसलं मला. पण हार मानणं त्याच्या स्वभावात नाही, आणि खोटं बोलणंही नाही. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "तुला एवढं कळत व्हतं, तर तवाच का बोलली न्हाईस?"

मी थोरलीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. एवढे महिने ती समजत होती की मम्मीला कळलं नाही, पप्पा चुकले आणि मम्मी त्यांच्यावर विसंबली. आता तिला सगळं कळलं. एक वाक्य मला वेळेवर सांगता आलं नव्हतं, आणि आता सांगण्यासारखं एकही उरलं नव्हतं. मी पोळपाटाशेजारची सांडशी उचलली आणि बोर्ड खिळ्यांसकट उपटला. बटणं घरभर पसरली. धाकटा ती गोळा करायला लागला आणि मध्येच थांबून त्यानं बापाकडं बघितलं, हिरवं मिळेल का म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं.

पुढच्या रविवारी नवऱ्यानं थोरलीला सायकल आणली. तिच्या उंचीची, नवीकोरी, हार न घालता. चावी तिच्या दप्तरावर ठेवली. ती म्हणाली, "थँक्यू, पप्पा." पाहुण्यांनी खाऊ दिल्यावर म्हणावं तसं. आता ती रोज मैदानावर जाते. पळण्यात तालुक्याला नंबर आला. नवरा सगळ्यांना सांगतो की पोरीनं स्वतःच्या हिमतीवर केलं, आणि ते खरंच आहे.

घरातली कामंही होतात. बोर्ड नाही, यादी नाही, तरी मी येते तेव्हा भांडी घासलेली असतात. धाकटा आपलं ताट स्वतः घासतो. पाहणाऱ्याला वाटेल सगळं पहिल्यासारखं झालं. मलाही वाटलं होतं.

मागच्या महिन्यात आमच्या लाइनला माल संपला आणि तासभर आधी सोडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी बाहेरच चपला काढल्या आणि फटीतून बघितलं. थोरली पलंगावर कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होती. गुणगुणत होती. हात असा चालत होता की बघत राहावं. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. मग मला वाटलं, आत जाऊन आज तिला सांगावं, किती छान करतेस गं. एवढ्या वर्षांत एकदा तरी.

मी दार ढकललं. तिनं वर बघितलं, मान हलवली आणि पुढचा शर्ट उचलला. बाही नीट केली. परत नीट केली. शर्ट उगाच एकदा फिरवून घेतला.

गुणगुणणं थांबलं होतं. मी पिशवी खाली ठेवेपर्यंत तिचा हात पुरता सावकाश झाला होता.